पंचाची खुर्ची

२०१९ साल. माझं वय बहात्तर. पवित्र गुरुवारी, भर दुपारी, देवळाच्या नळावर मला टाचा घासायला लावल्या.

देऊळ म्हणजे आमचं ख्रिस्ती देऊळ. नळदुर्गच्या अलीकडं हायवे सोडून आत आलं की आमचं गाव. गावाच्या कडेला आमची वस्ती. आता फलकावर दुसरं नाव आहे, पण गाव अजून मांगवाडाच म्हणतं. वस्तीच्या तोंडाला देऊळ. पत्र्याचं, पांढरं, वर क्रूस. त्या देवळाचा मी पंच. वीस-बावीस वर्षांचा पंच.

सोलापूरहून आलेल्या साहेबांचा माणूस माझ्यासमोर उभा होता. तिशीतला. पायात बूट. म्हणाला, "काका, टाचा नीट घासा. फोटोत काळं येतंय."

मी म्हणालो, "ते न्हाय निघत. भेगातलं हाय. लई जुनं हाय."

"मग वीट घ्या की. ती बघा पडलीये."

मी वीट घेतली. डोक्याला फेटा, अंगात धुतलेला सदरा, आणि एका पायावर उभा राहून म्हातारा माणूस विटेनं टाच घासतोय. बाजूला बायका रिकाम्या घागरी घेऊन रांगेत. त्या उन्हाळ्यात गावाला पाणीच नव्हतं. देवळाच्या टाकीत मुद्दाम टँकर टाकला होता, पाय धुण्याच्या कार्यक्रमासाठी. कार्यक्रम संपेपर्यंत कुणी घागर भरायची नाही, असा हुकूम होता. म्हणून बायका नुसत्या उभ्या. त्यांतल्या कितीकींची लग्नं मी जुळवलेली. भांडणं मी मिटवलेली. त्या बघत होत्या.

टाच फुटली. रक्त आलं. त्यानं वाकून बघितलं. म्हणाला, "आता हे पुसून घ्या. रक्त नको दिसायला."

मी पुसलं. मला हेच आधी सांगायचंय. त्याच्या कानाखाली आवाज काढला नाही. वीट टाकून दिली नाही. मी पुसलं.

का पुसलं, ते कळायचं तर खुर्ची सांगावी लागंल.

मी दहा वर्षांचा होतो. पोळ्याच्या आधी बाप पाटलाच्या घरी दोर द्यायला गेला, मी त्याच्याबरोबर. कासरे, नाडे, बैलाच्या वेसणी. सगळं बापानं वळलेलं, आईनं सोललेल्या घायपाताच्या वाकाचं. बाप अंगणात उकिडवा बसला. मी ओसरीच्या पायरीला टेकलो. पोरगं होतो, ऊन होतं, पायरीवर सावली होती.

पाटील ओसरीवरनं म्हणाला, "खाली बस."

एवढंच. ओरडला पण नाही. बाप उठला आणि त्यानं हातातल्या कासऱ्यानं मला मारलं. पाटलाला दिसंल असं मारलं. पाटील म्हणाला, "राहू दे रं, पोरगं हाय." तरी बाप मारत होता. तिसरीत होतो, त्यानंतर शाळेत गेलो नाही, कारण शाळेत पण मला खालीच बसवत होते आणि ते मला त्या दिवशी कळलं.

पुढं मोठा झालो, लग्न झालं. एक म्हातारा पाद्री सायकलवर वस्तीत यायचा. आमच्याच गोणपाटावर बसायचा. आमच्या पितळीत जेवायचा. जेवला की पितळी स्वतः धुवायचा. आम्ही म्हणायचो, राहू द्या. तो ऐकायचा नाही. मला त्याचं शास्त्र नंतर कळलं, ती पितळी आधी कळली. मी बाप्तिस्मा घेतला. वस्तीतल्या निम्म्या घरांनी घेतला.

पण मनातली पायरी गेली नाही. ती राहिली. मंडळीनं मला पंच केलं तेव्हा मी बांधावरची बाभळ तोडली. सुतार हसला. म्हणाला, "बाभळीची औतं करतेत रं. खुर्ची कोण करतं?" मी म्हणालो, "तू कर. हाताची कर. पाठीवर क्रूस कोर." बाकीचे पंच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायचे. माझी एकट्याची लाकडाची. देवळात वेदीच्या बाजूला, लोकांकडं तोंड करून. सगळी मंडळी खाली सतरंजीवर, आणि मी वर. दर रविवारी मी बसायचो तेव्हा आधी खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवायचो, मग टेकायचो. सावकाश. पाटलाला दिसावं असं. पाटील मरून किती वर्षं झाली होती. तरी.

आता साहेब. साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे मोठे साहेब, सोलापूरचे. देवळाची जागा, पाळकाचा पगार, सगळं त्यांच्या हातात. वर्षातनं एकदा आमच्याकडं यायचे. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून साहेब दर वर्षी पवित्र गुरुवारी एका गावात बारा गरिबांचे पाय धुवायचे. त्या वर्षी आमचा नंबर लागला. साहेबांचे आजोबा मोठ्या जातीचे. साहेब दर उपदेशात सांगायचे, "माझ्या आजोबांनी प्रभूसाठी घर सोडलं, जमीन सोडली, जानवं सोडलं." आम्ही हल्लेलुया म्हणायचो. साहेब आमच्या वस्तीत पाणी प्यायचे नाहीत. बाटली बरोबर असायची. डबा पण. आजोबांनी सोडलेलं जानवं नातू दर वर्षी आम्हाला दाखवून जायचा, हे मला आता कळतं. तेव्हा मीच पुढं होऊन हार घालायचो.

बारा जणांची नावं महिनाभर आधी ठरली. त्यात माझं नव्हतं. मी पंच. मी वर बसणार होतो, साहेबांच्या शेजारी. नावांत सारजाबाई होती.

सारजा माझ्याच वयाची. विधवा, पोरबाळ नाही. देवळात चांगलं म्हणून नाव सारा ठेवलं, पण वस्ती सारजाच म्हणायची. देऊळ झालं तेव्हापासनं झाडलोट तिची. साखरेनं पाय सडला. सोलापूरच्या दवाखान्यात दोन बोटं काढली, तरी जखम भरेना. चिंधी गुंडाळलेली, चिंधीला वास. ती उकिडवी बसू शकायची नाही. घरामागं सरकारी संडास बांधलेला, पण तिथं बसायचं कसं? पडली एकदा. तेव्हापासनं घरातच, भांड्यात.

दवाखान्यात तिनं एक खुर्ची बघितली होती. मधे भोक, खाली भांडं. नाताळच्या आधी ती मला म्हणाली, "आरं पंच हायेस नव्हं? तुझ्या मंडळीला सांग. मला भोकाची खुर्ची करून द्या. माणसावाणी बसंन तरी."

मी पंचांच्या बैठकीत विषय काढला. सगळे हसले. एक जण म्हणाला, "आता हागायला बी खुर्ची पायजे व्हय सारजीला?" मी पण हसलो. विषय तिथंच राहिला. पुढचा विषय साहेबांच्या कार्यक्रमाचा होता. पितळेचं नवं घंगाळ आणायचं ठरलं.

सारजानं मात्र सगळ्या वस्तीला सांगितलं, "साहेब माझा पाय धुणार हायेत. हा, ह्योच पाय." तोच, सडका. ज्याला कुणी हात लावत नव्हतं. त्या दिवशी तिनं सकाळीच चिंधी बदलली. बहुतेक चांगलं लुगडं फाडून.

नळावर ती आली तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. भिंतीला धरून आली. साहेबांच्या माणसानं नाकाला रुमाल लावला.

"ह्या आजी नको. वास येतोय."

पाळक जवळ होता. आमचा पाळक तरुण, भला माणूस, पण पगाराला भिणारा. तो म्हणाला, "सर, नाव दिलंय त्यांचं. त्या महिनाभर वाट बघतायत."

"साहेबांना इन्फेक्शन झालं तर तुम्ही बघणार का? मागं बसवा त्यांना."

सारजाला मागं नेलं. दारात, चपला काढतात तिथं. ती म्हणाली, "का? म्या धुऊन आलीया की!"

मग बारा भरंनात. साहेबांच्या ड्रायव्हरला बूट काढायला सांगितले आणि गरीब म्हणून बसवलं. गोरे गोमटे पाय. आणि एक म्हातारा आलाच नव्हता, त्याची जागा रिकामी. त्या माणसानं इकडंतिकडं बघितलं. मला बघितलं. फेटा, मिशा, सुरकुत्या.

"काका, तुम्ही बसा त्या ओळीत. चेहरा गावाकडचा आहे तुमचा. फोटोत बरा दिसेल."

मी म्हणालो, "मी पंच हाय. माझी खुर्ची वर हाय."

तो म्हणाला, "ती पाहुण्यांना दिलीये."

मी वाकून आत बघितलं. माझ्या खुर्चीवर पाहुणा नव्हता. साहेबांच्या मॅडमची पर्स होती.

पाळक कानाशी लागला. "आण्णा, आजच्या दिवस. साहेब निघून जातील. खुर्ची तुमची तुम्हालाच आहे."

म्हणून मी नळावर गेलो. खुर्चीपायी. पाटलापुढं माझा बाप कशापायी वाकला ते मला माहीत होतं. बलुत्याच्या ज्वारीपायी, चार लेकरांपायी. माझ्या घरात तर ज्वारी होती.

आत बारा जण बाकड्यावर. साहेब कोटात. त्यांच्या कमरेला त्यांच्या माणसानं पांढरा रुमाल बांधला, पिना लावून. कॉलरला बारका माईक. पाहुणे आले म्हणून पत्र्यावर भोंगा लावलेला. पाळकानं शास्त्र वाचलं. प्रभू जेवणावरनं उठला, अंगावरचं काढून ठेवलं, कमरेला रुमाल बांधला आणि चेल्यांचे पाय धुतले. साहेबांनी अंगावरचं काही काढलं नाही.

त्यांना बसायला गादीचं स्टूल. एक जण पाणी ओतायचा. साहेब दोन बोटं लावायचे. नवा रुमाल टेकवायचे, तो रुमाल पिशवीत. मग हाताला औषध. मग पुढचा. ड्रायव्हरच्या पायापाशी मात्र थांबले. त्याचा पाय दोन्ही हातांत घेतला आणि वर बघून हसले. फोटो झाला.

माझा नंबर आला. साहेबांनी माझी टाच बघितली. बोटं लावली, लगेच उचलली. टाच पुन्हा फुटली होती. पाण्यात लाल पसरलं.

तेवढ्यात मागनं, चपलांतनं, सारजा ओरडली, "माझा पाय ऱ्हायला की वो साहेब!"

लोक हसले. आमचे लोक. साहेब पण हसले. कॅमेऱ्याकडं बघत म्हणाले, "आजी, तुमचा पुढच्या वर्षी."

मी पाय मागं ओढला. जोरात ओढला. घंगाळ कलंडलं आणि पाणी साहेबांच्या पँटीवर गेलं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, माझं पाय म्या धुतलेत. विटेनं धुतलेत. तिचं धुवा."

साहेब बसलेले, मी उभा. सगळ्या जन्मात पहिल्यांदा असं झालं होतं.

त्यांनी पँट झटकली. खाली बघूनच, हळू आवाजात म्हणाले, "खाली बस."

तोच आवाज. ओरडणं नाही, काही नाही. पाटलाचा आवाज जसाच्या तसा, फक्त शहरातला.

मी बसलो नाही. मग ते आणखी हळू बोलले. कुणाला ऐकू जाऊ नये असं. "ह्या लोकांना वर बसवलं की हे असं होतं."

पण कॉलरला माईक होता. भोंग्यावरनं गेलं. देवळात गेलं, नळावर घागरी घेऊन उभ्या बायकांना गेलं, गावात पण गेलं असंल.

मला वाटलं, आता उठतील. कुणीतरी उठंल. सतरंजीवर शंभरेक माणसं होती. प्रत्येकाच्या बापाला कुणी ना कुणी खाली बसवलेलं. मी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. माना खाली.

मग कुणीतरी पेटी धरली. गायन सुरू झालं. आमचीच माणसं गात होती, मोठ्यानं, माझा आवाज पुन्हा निघू नये म्हणून. मी त्यांच्यातनं बाहेर आलो. चपलांपाशी सारजा बसलेली. वर बघून म्हणाली, "झाली का हौस? माझा पाय तर ऱ्हायलाच."

साहेब निघून गेल्यावर बायकांनी टाकीचा नळ सोडला. पाणी संपलं होतं. त्या पाण्यानं साहेबांच्या गाड्या धुतल्या होत्या.

सांजच्याला पाळक आला, दोन पंच बरोबर. ओट्यावर बसले. मला वाटलं, साहेबांचं बोलणं त्यांना लागलं असंल. एक पंच म्हणाला, "तुझ्यापायी देवळाचा पत्रा गेला. साहेब नवा पत्रा देणार व्हते."

मी म्हणालो, "त्यो काय बोलला ते ऐकलं न्हाय का?"

"ऐकलं. मोठी माणसं बोलतेत. आपण काय आज ऐकायलाव का?"

पाळक खाली बघत म्हणाला, "आण्णा, उद्या उत्तम शुक्रवार आहे. उपासनेत उभं राहून दोन शब्द बोला, चुकलं म्हणून. मी मोबाईलवर घेतो आणि साहेबांना पाठवतो. पंचपद राहील, खुर्ची राहील. नाहीतर त्यांनी सांगितलंय, खुर्ची बाहेर काढा."

ते गेले.

बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "मग? मागायलाव का माफी?"

"तूच सांग."

"मागा की. खुर्ची गेली तर काय करशाल तुमी? घरातलं तर एक काम येत न्हाय. पाण्याचा तांब्या बी हातात द्यावा लागतोय."

मला राग आला. मी म्हणालो, "आज भर मंडळीत सारजीसाठी कोण उभा ऱ्हायला? म्या. एकटा."

ती हसली. भाकरी तव्यावर टाकली, हात झटकला आणि हसली. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, मला ती अशी कधी हसली नव्हती.

"सारजीसाठी? सारजीचं भांडं कोण टाकतंय, ठाव हाय का तुमाला?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"म्या टाकतीया. दिवाळीपसनं. तुमी उठायच्या आदी एकदा, आन दिवस बुडताना एकदा. पाय बी म्याच धुती तिचा. चिंधी बी म्याच बांधती."

"मला कामून न्हाय सांगितलंस?"

"तुमाला? तुमी पंच. परवा ताटावर बसल्यावर काय म्हणलाव मला? हात नीट धू, वास यायलाय. भाकर बाजूला सारलीत. म्या दुसरी आणून दिली, ती बी चिमट्यानं."

मला आठवलं. खरंच म्हणालो होतो. भाकरी सारली होती. वास येतोय, एवढंच म्हणालो होतो आणि ती उठून गेली होती. नळावर साहेबांच्या माणसानं सारजाला तेच म्हटलं होतं, नाकाला रुमाल लावून. मी रुमाल लावला नव्हता. एवढाच फरक.

भाकरी पुढं आली. मी तिच्या हाताकडं बघितलं. चिमटा नव्हता. कोपरापर्यंत घासून घासून कातडं पांढरं पडलं होतं. मी जेवलो. मुद्दाम जेवलो, एक जास्तीची जेवलो. ती म्हणाली, "आता काय नाटक?"

बाप्तिस्मा घेतल्यापासनं मी ते पाय धुण्याचं शास्त्र ऐकत आलो. दर वेळी मी स्वतःला त्या बारांत मोजायचो. पाय पुढं करून बसलेला. वाटायचं, आमचे पाय कुणी धुतले नाहीत, आता धुवावेत, हा आमचा हक्क. तो हक्क आहेच, तो मी सोडत नाही. साहेबानं सारजाचा पाय धुवायलाच पाहिजे होता आणि धुतला नाही, हे मी मरेपर्यंत बोलणार. पण कमरेला रुमाल बांधणारी माझ्या घरात होती, आणि मी तिच्या हाताला नाक मुरडत होतो. कुठं बसून? त्या खुर्चीवर बसून. पाटलाची पायरी मी उचलून देवळात आणली होती. क्रूस कोरून.

झोपताना बायकोला म्हणालो, "उद्यापसनं ते भांडं माझं. तू हात लावायचा न्हाय."

ती म्हणाली, "दोन दिस टिकंल."

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, प्रभू क्रुसावर गेला तो दिवस. सकाळी आधी सुताराकडं गेलो. करवत आणि पटाशी मागितली. "कशाला?" म्हणाला. "भोक पाडायला," म्हणालो. दोन्ही सारजाच्या दारात ठेवल्या आणि देवळात गेलो.

देऊळ गच्च. माझी खुर्ची जागेवर होती, पर्स नव्हती. पाळकानं माईक माझ्या हातात दिला आणि मोबाईल वर धरला. सगळे माझ्याकडं बघत होते. काल वर बघायला तयार नव्हते, आज सगळे बघत होते.

मी म्हणालो, "ही खुर्ची माझ्या बांधावरच्या बाभळीची हाय. ही म्या नेतो. पंचाचं काम हितंच ठेवतो, कुणाला पायजे त्यानं उचला. माफी मागत न्हाय. साहेबाला बी पाठवा हे."

पाळकाचा मोबाईल खाली आला.

बाभळीचं लाकूड जड असतं. खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली. मान मोडायला आली. कुणी हात लावला नाही. मी पण मागितला नाही. सतरंजीवरनं जाताना लोक पाय आखडून वाट देत होते, प्रेताला देतात तशी.

सारजा बाजेवर पडलेली. म्हणाली, "कोण? पंच व्हय? आरं परभू मेलाय आज, आन तू देवळात न्हाईस?"

"जाऊन आलो."

"आन ही कशाला आणलीस? माझ्या घरात बसून माझा न्याय करायचा का काय?"

मी खुर्ची आडवी पाडली. बसायच्या फळीवर पटाशीनं खूण केली आणि पुढच्या कडेपासनं करवत आत घातली. बाभळ चिवट. करवत अडत होती. ती कोपरावर उठून बसली.

"आरं मुडद्या, चांगली खुर्ची हाय ती! येड लागलं का तुला?"

"गप पड."

ती गप पडली नाही. सगळा वेळ शिव्या देत होती. मला, मंडळीला, साहेबाला, मग पुन्हा मला. नाताळच्या आधी सांगितलं होतं, आता आलास. काल इज्जत गेली म्हणून आलास. तुझी इज्जत गेली नसती तर मी कुजले असते. मी कापत होतो. ती खरं बोलत होती.

तुकडा निघाला. तिनं हात फिरवून बघितला. "काठ घास. कुसळ घुसलं तर बघ."

मी बाहेर जाऊन वीट शोधून आणली. काठ घासला. हात लागंल तिथं गुळगुळीत होईपर्यंत घासला. वीट कशी धरायची ते मला कालच शिकवलं होतं. मग खाली भांडं ठेवलं. तिला काखेत धरून उचललं. वजन काही नव्हतं. वास होता, भरपूर होता. पायाची चिंधी ओली झालेली, ती माझ्या धोतराला लागली. तिनं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि सावकाश टेकली. पाठीमागं क्रूस.

"तोंड तिकडं कर," म्हणाली.

मी तोंड फिरवलं. दाराकडं बघत उभा राहिलो. भोंगा काढायचा राहिला होता. उपासना ऐकू येत होती, पाळक वाचत होता. तिला वेळ लागला. मी उभा राहिलो.

"झालं."

तिला धुतलं. बाजेवर ठेवलं. कोमट पाणी करून पाय धुतला. बोटं तुटलेली जागा, भोवती पांढरं मांस. मी दोन बोटं लावली नाहीत, पूर्ण हात लावला. ती म्हणाली, "तुझी बायको बरी धुती. तू रगडतोस." चिंधी बांधून दिली, ती तिनं सोडून पुन्हा बांधायला लावली. उपकार मानले नाहीत. मानायचे पण नव्हते.

भांडं उचललं. टाकायचा खड्डा ओढ्याकडं, आणि तिकडची वाट देवळावरनंच जाते. उपासना सुटली होती. सगळी मंडळी दारात, ओट्यावर, चपला घालत. दोन्ही पंच. पाळक. मला येताना बघून बायकांनी नाकाला पदर लावले. माझी बायको पण होती, तिनं पदर लावला नाही. ती बघत होती.

एक पंच ओरडला, "आरं, झाक तरी ते!"

मी त्यांच्या मधनंच गेलो. सावकाश गेलो. भांडं झाकलं नाही.